बेटावरच्या काचा आणि आईचा पलंग

जानेवारीतला सोमवार, सकाळ. अंदमानातलं एक लहान बेट. हजर: मी, माझी मोठी बहीण, तिचे यजमान. गैरहजर: कोणी नाही. आमच्या घरच्या कुठल्याही सहलीला, लग्नाला, बारशाला गैरहजर असायची ती मीच. आईला सोडून कुठे जाणार?

आई दिवाळीच्या आधी गेली. शेवटची काही वर्षं ती नागपुरात, नंदनवनच्या घरी, पुढच्या खोलीत, भाड्याने आणलेल्या दवाखान्याच्या पलंगावर होती. औषधं, खाणं, कूस बदलणं, सगळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या होत्या आणि त्या कधी चुकल्या नाहीत. तेरवीही नीट पार पडली. कोणाला स्टेशनवरून कोण आणणार, पंगतीत कोण वाढणार, सगळं ठरल्याप्रमाणे. रडायला मात्र आलं नाही.

पलंग तसाच राहिला. ताई हुडकेश्वरहून आली की त्याच्याकडे बघून म्हणायची, "परत कर वं हा. रोज काय पाहून राहिली त्याले?"

"करते. दुकानात फोन करायचा आहे फक्त."

"महिनाभर तू फोनच करून राहिली."

शेवटी तिने माझंही तिकीट काढलं आणि अट घातली. परत आल्यावर पहिला फोन दुकानवाल्याला. मी कबूल म्हटलं. सामानाची यादी केली आणि निघाले.

समुद्र पाहिला. मोठा होता, निळा होता. जिजाजी थोड्या थोड्या वेळाने "वा!" म्हणत होते आणि मग माझ्याकडे बघत होते. मला काही वाटत नव्हतं. त्यांच्याकडे बघणं टाळायला मी खाली मान घालून चालू लागले. तेव्हा वाळूत एक हिरवा तुकडा दिसला. काकडीच्या सालीसारखा हिरवा, वर पिठूळ साय. शिंपले आणि पोवळं उचलायचं नाही, अशी गाईडने ताकीद दिली होती. हे त्यातलं काही नव्हतं. बाटलीची काच होती, समुद्राने घासून घासून बोथट केलेली.

मी कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याची ही सवय जुनी आहे. आईच्या पाठीवर, टाचांवर मी रोज तो फिरवत असे. कातडी कुठे दुखावते आहे, ते डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं. या तुकड्याला कुठेही धार नव्हती. मी तो ठेवून घेतला आणि दुसरा शोधायला लागले.

त्यानंतरचे सगळे दिवस मी ओहोटीच्या वेळा विचारून त्याप्रमाणे उठले. पांढरे, तपकिरी, हिरवे, आणि एकच निळा. कड बोटाला लागली की तो तुकडा परत पाण्यात, कारण तो अजून झालेला नाही. बोटीची सफर सोडली, काचेच्या तळाची होडी सोडली.

"नागपुरात काचा नव्हत्या काय?" जिजाजी म्हणाले. "जरीपटक्यात भंगारवाल्याकडे पोतंभर भेटन. विमानाचा खर्च तरी वाचला असता."

"चूप बसा जी तुम्ही," ताई म्हणाली. "कित्येक दिवसांनी ती स्वतःहून काही करून राहिली." मग मला म्हणाली, "जेवायले तर चाल वं. काचा पळून नाही चालल्या."

आईचा गोळ्यांचा डबा, वारांचे खण असलेला, सवयीने माझ्या पिशवीत आला होता. रिकामाच. तुकडे रंगाप्रमाणे त्यात ठेवले.

घरी आल्यावर काचा गोड्या पाण्यात भिजवल्या, मीठ काढलं. वाळत घालायला सपाट, वारा लागणारी जागा हवी होती. पलंगाचा दांडा फिरवून डोक्याकडची बाजू खाली केली, पांढरी चादर घातली आणि काचा मांडल्या. त्याच दुपारी दुकानवाल्याचाच फोन आला. "ताई, पलंग रिकामा झाला म्हणे. गाडी पाठवू काय?"

"सध्या वापरात आहे," मी म्हटलं.

हे मी ताईलाही सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. ती रविवारी आली, खोलीच्या दारात थांबली. मी तेव्हा एकेक तुकडा उलटून ठेवत होते.

"काहून उलटून राहिली?"

"दुसरी बाजू वाळायला हवी."

तिने एक तुकडा उचलला, गालाला लावून पाहिला. "खडखडीत कोरडा आहे वं हा."

"हो."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

चादरीची एक बाजू तिने धरली, एक मी धरली. काचा मधोमध गोळा केल्या आणि डब्यात भरल्या. चादर तिने धुवायला नेली. गादीवर आईच्या अंगाचा खळगा अजून आहे. ताईने त्यावरून हात फिरवला आणि खुर्चीवर बसून रडली. मी तिला पाणी दिलं, चहा टाकला.

आता पलंगावर काही नाही. दुकान सकाळी दहाला उघडतं, रविवारी बंद असतं. आज गुरुवार. फोन करायचा आहे.