उन्हात पसरलेली पॅनेलं

पत्नीला नसांचा आजार जडला, तेव्हापासून उन्हाळ्यात तिचं घराबाहेर पडणं बंद झालं. अंग तापलं की तिच्या पायांतली ताकदच जायची. भिंगारहून शेवगाव काही फार लांब नाही. पण तिथं शेतवस्तीवर राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे मे महिन्यात जाणं तिनं सोडून दिलं होतं. वस्तीवर दुपारी वीज नसायची.

मी गाड्यांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढून आत पलंग बसवला. आधी घरचाच एसी इन्व्हर्टरवर लावून पाहिला, पण कॉम्प्रेसर सुरू झाला की इन्व्हर्टर बंद पडायचा.

"अहो, राहू द्या. दिवाळीत जाऊ," ती म्हणायची.

शेवटी थेट बॅटरीवर चालणारा छोटा एसी मिळाला. टपावर सोलर पॅनेलं बसवली आणि मे महिन्यातच निघालो.

गाडी वस्तीवर पोचली तेव्हा मेव्हणी धावत आली. "आक्का, एवढ्या उन्हाची आलीस व्हय?" म्हणत तिनं बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

गाडी तापू नये म्हणून मी लिंबाच्या गर्द सावलीत लावली. तिथंच चुकलं. पॅनेलांवर ऊनच येईना, बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन दुपारी एसी थांबला. पत्नीला पाय हलवता येईनात. मेव्हणीनं ओलं लुगडं आणून तिच्या अंगावर टाकलं. मी इंजिन चालू केलं, तशी बॅटरीला थोडी धुगधुगी आली. मग गाडी सावलीतच ठेवून, टपावर चढून दोन पॅनेलं सोडवली आणि लांब वायर जोडून मोकळ्या रानात उन्हात पसरली. एसी पुन्हा घुमू लागला.

"दाजी, मी बी आत बसू का?" मेव्हणीनं विचारलं.

दुपारभर दोघी एकाच उशीवर डोकं टेकून बोलत होत्या. मी बाहेर बाजेवर पडून होतो. मधूनच हसू ऐकू यायचं.

ऊन कलल्यावर पत्नी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरली. तिला गोठ्यातलं वासरू बघायचं होतं. मी आधाराला उठलो.

"बसा तुम्ही," ती म्हणाली, "दमलात." आणि दोघी हळूहळू गोठ्याकडे गेल्या.