खिडकीतला कप

भीमराज साळवे बोलायला उभा राहिला की आमच्या घाटकोपरच्या चाळीतली पोरंसुद्धा गप्प बसत. साकीनाक्याला लेथवर काम करणारा माणूस, पण माइक हातात आला की वकील झक मारेल! दर चौदा एप्रिलला तो एकच गोष्ट सांगे. जालन्याकडच्या त्यांच्या गावात हॉटेलबाहेरच्या कोनाड्यात एक टवका उडालेला कप असे. त्याचा बाप कुंडलिक दाराबाहेर उकिडवा बसून त्यात चहा पिई, कप स्वतः विसळी आणि पुन्हा कोनाड्यात ठेवी. शेवटी भीमराज गरजे, "तो कप आम्ही फोडला!" टाळ्या थांबत नसत.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर त्याची बहीण लता सात वर्षांच्या विशाखाला घेऊन गावाहून आली. पोरीला रक्ताचा कॅन्सर. उपचार परळला, तेही कित्येक महिने. "लते, पोर बरी होईपर्यंत इथून हलायचं नाही," भीमराज म्हणाला आणि ते अगदी मनापासून म्हणाला. डॉक्टरांना त्यानं स्वतः विचारलं, हा रोग पसरतो का? ते नाही म्हणाले. त्यानं मान डोलावली.

पण घरात आठ महिन्यांचा मुलगा रांगत होता. इंजेक्शनांनी विशाखाचे केस पुंजक्यांनी गळायला लागले, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि भीमराजला बाळाची धास्ती वाटू लागली. एका संध्याकाळी त्यानं निळ्या फुलांचा एक कप उचलून गॅलरीच्या खिडकीत ठेवला. बायकोनं, मीरानं, पोरीला समजावलं, "हा खास तुझा हं. तूच विसळायचा आणि इथेच ठेवायचा." विशाखा हरखली. चाळ तरी कुठे धुतल्या तांदळाची होती! विशाखा गॅलरीत आली की पोरांना आतून हाका जायच्या.

थंडीत कुंडलिक नातीला बघायला आला. तो टेकतो न टेकतो तोच विशाखानं त्याला हाताला धरून खिडकीशी नेलं.

"आबा, ह्यो माझा कप. मामानं फकस्त माझ्यासाठी ठेवलाय. दुसरं कुणी हातच लावत न्हाई!"

म्हाताऱ्यानं कपाकडे पाहिलं, मग मुलाकडे. मीरा चहा घेऊन आली.

"ह्याच्यात वत," कुंडलिक म्हणाला.

भरलेला कप घेऊन तो उंबऱ्याबाहेर गेला, धोतर सावरून उकिडवा बसला आणि सावकाश चहा प्याला. मग उठून नळावर कप विसळला, खिडकीत जिथल्या तिथे ठेवला. भीमराज शरमेनं काळाठिक्कर पडला. बापानं चाळीसमोर थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला झालं.

दिवेलागणीला तो लताजवळ जाऊन बसला. "लते, चुकलं माझं."

लता पोरीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "दादा, मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं," ती म्हणाली. "पण भांडून निघाले असते, तर पोरीला घेऊन ऱ्हायले कुठं असते?"

भीमराजला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या सकाळी त्यानं तो कप बाकीच्या कपांत मिसळला आणि आपला चहा त्यातच ओतून घेतला. विशाखा मात्र मामानं कप बळकावला म्हणून दिवसभर फुरंगटून बसली.

एप्रिल आला. विशाखा पहिल्या रांगेत, डोक्याला रुमाल बांधून, लताच्या मांडीवर. पोरांनी गलका केला, "साळवेकाका, कपाची गोष्ट!"

भीमराज उठला. माइक हातात घेतला. समोर लता, तिच्या शेजारी जयंतीसाठी गावाहून आलेला बाप. "आमच्या गावात..." एवढंच बोलला आणि थांबला. पोरांना वाटलं माइक बंद पडला.

तेवढ्यात विशाखा मांडीवरून उठून उभी राहिली आणि हौसेनं ओरडली,

"मामा, सांग की! माझ्या कपाची ना?"