अष्टमीची भरती

त्या दिवशीही मी तारीखच मागून कोर्टाबाहेर आलो होतो. पायरीवर फोन वाजला. दिगूची बायको, आमच्या शैलावहिनी. "भाऊजी, हे गेले हो... चहा मागितला आणि गेले." आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? की आज दिगू विचारणार नाही, पुन्हा तारीख घेतलीस का म्हणून. सुटलो! सहा आठवडे झाले, त्या एका शब्दाची लाज जात नाही.

आम्ही लॉ कॉलेजपासूनचे. तो लांज्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, मी भाट्याचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. तो सरकारी वकील झाला, मी आरोपींचा. वीस वर्षं सकाळी समोरासमोर भांडलो आणि दुपारी एका डब्यात जेवलो. मग पांडू खलाशाची केस आली. होडीचं इंजिन चोरल्याचा आरोप. साक्षीदार म्हणाला, सकाळी सहाला पांडू इंजिन खांद्यावर टाकून खाडीच्या चिखलातून चालत येताना पाहिला. उलटतपासात मी नुसताच आवाज चढवला. पांडूला शिक्षा झाली. आठवड्याने दिगू माझ्याकडे आला, चेहरा उतरलेला, हातात पंचांग. "बाळ्या, त्या दिवशी अष्टमी होती रे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तूच शिकवलंस ना मला? आठाची पाऊणपट सहा. सहाला खाडी भरलेली. चिखल कुठला?" दर्यावर जन्मलेला मी, आणि हे दिसलं कोणाला, तर भात लावणाऱ्याच्या पोराला!

दोन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. "त्या बाजूला आता बसवत नाही," एवढंच म्हणाला. खाजगी वकिलीच्या पहिल्याच दिवशी जजसाहेबांनी "सरकारतर्फे कोण?" विचारलं आणि हाच उभा! सगळं कोर्ट हसलं, तोही हसला. पण पांडूचं अपील त्याला घेता येईना. ज्या केसमध्ये सरकारकडून उभा राहिला, तिच्यात आरोपीकडून कसा राहणार? "तूच कर," म्हणाला. अपील मी केलं, जामीनही मिळवला. राहिला तो एक अर्ज, भरतीचा नवा पुरावा घ्या म्हणून. त्यात हे आधी का नाही मांडलं तेही लिहावं लागतं. म्हणजे वकिलाच्या डोक्यातच आलं नाही, असं माझ्या सहीने, अख्ख्या बारसमोर! मी तारखा घेत राहिलो. दिगू खवळायचा. "मेल्या, चोर म्हणून एक तांडेल त्याला होडीवर घेत नाही, आणि तुला तुझ्या अब्रूची पडलीय?"... खरं तेच बोलायचा, म्हणून जास्त राग यायचा.

परवा वहिनींनी त्याचं ऑफिस आवरायला बोलावलं. भिंतीवर त्या वर्षाचं कॅलेंडर तसंच, अष्टमीला लाल गोल. नवं आलं तरी तो हे काढू द्यायचा नाही. घरी आणलं, गुंडाळलं, पुन्हा उलगडलं... जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी अर्ज लिहायला बसलो. 'ही माझी चूक' एवढं लिहायला अख्खी सकाळ गेली.

उद्या सुनावणी आहे. कॅलेंडर पिशवीत घातलंय. पांडू नेहमीसारखा दाराशी उभा असेल, आणि मी बाहेर आलो की सवयीने विचारेल, "साहेब, पुढली कधीची?" आज मी मागितली नाही रे बाबा, असं त्याला सांगेन. ज्याला सांगायचं होतं तो मात्र वाट बघून गेला.