डायना बसली होती

मी लष्कराच्या डॉग युनिटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव वाईजवळ. सहा वर्षं घरी आहे आणि महिन्यातून एकदा तरी दारात कुणाची ना कुणाची गाडी थांबते. कधी तासगावचा द्राक्षबागायतदार, कधी साताऱ्याचा डॉक्टर. गाडीतून जर्मन शेफर्डचं पिल्लू उतरतं आणि प्रश्न ठरलेला असतो. साहेब, जरा बघा, शो लाइन की वर्किंग लाइन?

फरक सांगायला सोपा आहे. शो लाइन म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मारण्यासाठी पैदास केलेलं रक्त. पाठ मागं उतरलेली, मागचे पाय वाकलेले, रंग काळा-तांबूस, फोटोत एकदम झकास. वर्किंग लाइन कामासाठी. पाठ सरळ, रंग मळकट, दिसायला ओबडधोबड, पण दिवसभर पळवा. पूर्वी मी हे छातीठोकपणे सांगायचो. वर्किंग लाइन घ्या, बाकी सगळा नखरा, असं म्हणायचो. आता पिल्लाला हात लावतो, जंताचं औषध वेळेवर द्या म्हणतो आणि चहा पाजून वाटेला लावतो. लोकांना वाटतं, हवालदार भाव खातोय. वाटू दे.

चौदा वर्षांपूर्वी आमची टीम उत्तर काश्मीरमध्ये एका इन्फंट्री बटालियनला जोडलेली होती. माझा पहिला कुत्रा बादल, वर्किंग लाइनचा. चार वर्षं आम्ही बरोबर काम केलं. तो वयानं रिटायर झाला आणि त्याच्या जागी डायना आली. कुठल्याशा चॅम्पियन घराण्यातली, शो लाइनची. ती गाडीतून उतरली आणि माझं डोकंच फिरलं. उतरती पाठ, झुपकेदार शेपूट, चाल अशी की जणू माहेरी निघालीय. मी सुभेदार साहेबांना म्हणालो, ही वरातीत शोभेल, रस्त्यावर नाही. साहेब म्हणाले, तू नाक बघ, पाठ बघू नकोस. नाक चांगलं होतं, पण ते मी कबूल करत नव्हतो.

रोज पहाटे साडेपाचला रोड ओपनिंग पार्टी निघायची. कॉन्व्हॉय, म्हणजे लष्करी गाड्यांचा ताफा, जायच्या आधी चार किलोमीटर रस्ता तपासून द्यायचा. सगळ्यांत पुढं डायना, तिचा पट्टा धरून मी, माझ्या मागं पाच पावलांवर रायफल घेऊन लान्स नायक दत्तात्रय, आणि त्याच्या मागं बाकी पार्टी. स्फोटकाचा वास आला की आमचं कुत्रं भुंकत नाही, उकरत नाही. गप्प खाली बसतं. तोच इशारा. कुत्रं बसलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, मी रेडिओवर कळवायचं, बॉम्ब डिस्पोजलवाले येऊन बघायचे.

घोटाळा नेमका इथं झाला. डायनाचे खुबे कच्चे होते. चढ आला की ती दमून बसायची. पहिल्याच आठवड्यात तीन वेळा तिनं रस्ता थांबवला. तिन्ही वेळा बॉम्ब डिस्पोजलवाले आले, शोधलं, काही सापडलं नाही. कॉन्व्हॉय दोन दोन तास खोळंबला. पोरं म्हणायला लागली, मॅडमना खुर्ची द्या. ते मला लय झोंबायचं, कारण कुत्रीची चेष्टा म्हणजे हँडलरची चेष्टा. व्हेटरनरी डॉक्टरांनी एक्स-रे बघून हलकं काम द्या असं लिहिलं. बदली कुत्रं यायला महिना होता. तोवर मी मनाशीच एक नियम करून टाकला. सपाटीवर बसली तर इशारा, चढावर बसली तर दमली. असा नियम कुठल्या पुस्तकात नाही.

दत्ता आटपाडीचा. मला दादा म्हणायचा. डायनाच्या बाजूनं बोलणारा तो एकटाच. एकदा म्हणाला, दादा, दमल्यावर ती एका कुशीवर कलते, इशाऱ्याला सरळ बसते, नीट बघा. मी म्हणालो, गड्या, तू इन्फंट्रीचा, मला कुत्री शिकवतोस व्हय? तो हसला आणि विषय संपला.

त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला, रस्त्याखालच्या मोरीच्या अलीकडच्या चढावर डायना बसली. रेडिओवर कॉन्व्हॉय कमांडर विचारत होते, "रोड क्लिअर कब तक?"

"दस मिनट, सर. ओव्हर."

मागून दत्ता म्हणाला, "दादा, बसली की."

"दमलीय. चल."

मी पट्ट्याला झटका दिला. ती उठली नाही. दुसरा झटका दिला तेव्हा उठली आणि रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायला लागली. मी तिच्या मागं गेलो. मधे पावसाच्या पाण्याचं डबकं होतं. दत्तानं ते चुकवायला डावीकडं पाऊल टाकलं. तेव्हा सहा बेचाळीस झाले होते.

डाव्या कानानं मला त्या स्फोटापासून ऐकू येत नाही. डायनाच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला. दत्ता जागीच गेला. सव्वीस वर्षांचा होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं, कुत्रीनं इशारा दिला होता का? मी म्हणालो, बसली होती साहेब, पण त्या चढावर ती रोजच बसायची. इशारा स्पष्ट नव्हता, असं लिहिलं गेलं. मग डायना बरी झाल्यावर तिची परीक्षा घेतली. सपाट मैदानात वीस ठिकाणी स्फोटकाचे नमुने पुरले. लंगडत लंगडत तिनं वीसच्या वीस काढून दिले. मग रिकाम्या चढावर चालवली, तिथं काहीच पुरलेलं नव्हतं, तरी दोनदा बसली. डॉक्टर म्हणाले, नाक उत्तम, खुबे खराब, दोन्ही खरं. आता यातून माणसानं काय समजायचं? त्या सकाळी ती सरळ बसली होती की कुशीवर, हे मी चौदा वर्षं आठवतोय. कधी सरळ दिसते, कधी कललेली. ज्या दिवशी जसं मन असेल तशी दिसते. मी तेव्हा नीट बघितलंच नव्हतं, तर आठवणार काय, कपाळ?

पुढं जे केलं ते मात्र स्पष्ट आठवतं. कानाची पट्टी निघाल्यावर मी आटपाडीला दत्ताच्या घरी गेलो. अंगणात भावकी बसलेली. दत्ताच्या वडिलांनी, तात्यांनी, एवढंच विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, कुत्री चुकली तात्या, शो लाइनची होती, रक्तच कामाचं नव्हतं. कुणी पुढं काही विचारलं नाही. मी सुटलो.

दरवर्षी दत्ता गेला त्या दिवशी मी आटपाडीला जातो. दरवर्षी तात्या त्या कुत्रीला शिव्या घालतात आणि मी खाली मान घालून जेवतो.

यंदा अकराच्या सुमारास पोचलो तर अंगणात एक पिल्लू. जर्मन शेफर्ड, दोन महिन्यांचं, कान अजून पडलेले. तात्यांच्या पुतण्यानं डाळिंबाच्या राखणीला तासगावहून आणलेलं. दत्ताची आई, आम्ही काकी म्हणतो, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. तात्यांनी पिल्लू उचलून माझ्या हातात दिलं.

"बरं झालं आलास. त्या बेइमान रक्ताचं आसंल तर आत्ताच सांग. मी ह्येला दारात ठिवनार न्हाई."

एवढ्या लहानपणी पाठ कशी होणार ते मला तरी सांगता येत नाही. चांगलं रक्त आहे म्हणालो असतो तर दोघंही सुटलो असतो, पिल्लू आणि मी. पिल्लानं माझ्या हातावरच मुतलं. मी ते तसंच धरून उभा राहिलो आणि इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं.

"तात्या, ती कुत्री चुकली का न्हाई, मला म्हाईत न्हाई. ती बसली व्हती. मीच वडून उठवली."

काकीचा शेंगा फोडणारा हात थांबला. तात्या एक पाऊल पुढं आले.

"आन् दत्ता?"

"दत्ता म्हनला, दादा, बसली की."

"म्हंजे त्येला दिसलं व्हतं."

"व्हय."

"मग तू थांबला का न्हाईस?"

कारणं माझ्याजवळ तयार होती. चढ, खुबे, डॉक्टरांचा एक्स-रे, रेडिओवरची घाई. सगळी खरी.

"मला ती कुत्री आवडत न्हवती, तात्या."

त्यांनी माझ्या हातातून पिल्लू काढून घेतलं. मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं. ते पिल्लू छातीशी धरून खाटेवर बसले आणि आतल्या खोलीकडं बोट केलं.

"जा. त्येला सांग."

आत दत्ताचा युनिफॉर्ममधला फोटो होता, सकाळीच हार घातलेला. मी चप्पल काढली आणि सावधानमध्ये उभा राहिलो. रिपोर्ट देतात तसा दिला. लान्स नायक दत्तात्रय. सकाळी सहा चाळीस. कुत्री बसली. तू कळवलंस. हँडलरनं ऐकलं नाही.

काकी केव्हा मागं येऊन उभी राहिली, कळलं नाही. डाव्या बाजूला होती म्हणून तिला दोनदा विचारावं लागलं. त्या कुत्रीचं पुढं काय झालं रं? मी सांगितलं. दोन वर्षं केनेलमध्ये होती. मग मागचे पाय गेले. तिथंच मेली, तिथंच पुरली. काकीनं विचारलं, तू आनली न्हाईस व्हय तिला घरी? मी म्हणालो, न्हाई. मागितलीच न्हाई.

काकीनं पदरानं फोटोची काच पुसली.

"आनायची व्हतीस रं," ती म्हणाली. "माझ्या लेकाचं तिच्यावर ध्यान व्हतं. मी सांबाळली आसती."