शेवटचं ‘नाही’

सकाळपासून आभाळ इतकं खाली आलं होतं की समोरच्या इमारतीचा वरचा मजला कुणीतरी बोटाने पुसून टाकल्यासारखा दिसत होता. वाऱ्याचा पत्ता नव्हता. कंसमामाने ऑफिसातला दिवा लावला, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि रोजच्यासारखा आधी भोंग्यांचा अहवाल उघडला.

कंसमामा हे नाव भाचीचं. बहीण नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हापासून तो त्या दोघींसोबत राहायचा. त्यात त्याला कंस घालायचा नाद. दुकानात पाठवलं तरी चिठ्ठीत लिहिणार, ‘दूध आणि (पाव किंवा बिस्किटं)’. कंस नसले तर दुकानदार नुसती बिस्किटं देऊन मोकळा होईल, असं वर समजावून सांगणार. बहिणीकडे राहणारा मामा, त्यात कंसांचं वेड, मग पोरगी दुसरं काय म्हणणार?

त्याच्या कंपनीचं एक मोबाइल ॲप होतं. कारखान्यातल्या यंत्रांना बसवलेले सेन्सर फोनवर खबर द्यायचे. कोणत्या खबरीवर भोंगा वाजवायचा, हे तिथला माणूस आपल्या साध्या भाषेत फोनवर लिहायचा. मामाचा कोड ते वाक्य तोडायचा, एकेक तुकडा खरा की खोटा ते बघायचा, ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांच्या हिशोबाने जोडायचा आणि एकच निकाल द्यायचा. खरं निघालं की भोंगा, खोटं निघालं की हिरवी खूण.

सुरुवातीला वाक्यात कंस घालायची सोय होती. पण पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शीतगृहाचा मुकादम, तो खो खो हसला होता. या कंसांचं काय लोणचं घालू, म्हणाला. कंपनीच्या मालकाने त्याचीच री ओढली. मामाने मुकाट्याने पडद्यावरून कंस काढले. कोडमधून काढायला मात्र त्याचा हात धजला नाही. कंस गेल्यावर ‘नाही’ कशाला लावायचं, हे कुठेतरी ठरवायला हवं होतं. त्याने ठरवलं, लगेच आधीच्या गोष्टीपुरतंच.

अहवालात बाकीच्या कारखान्यांचे भोंगे अधूनमधून वाजलेले दिसत होते. शीतगृहाची ओळ मात्र महिनाभर कोरी. मालक तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, याला म्हणतात शिस्त. मामाला ते पटत नव्हतं. घरात पोर फार वेळ गप्प बसलं की आई हातातलं काम टाकून बघायला उठते.

त्याने मुकादमाचं वाक्य काढलं. ‘झडप बंद आणि पंखा चालू नाही तर भोंगा.’

एकदा मनात वाचलं. मग मुकादमाच्या सुरात, मोठ्याने वाचलं. मुकादमाच्या तोंडी ते ‘नाही’ अख्ख्या वाक्यावर पडत होतं. झडप बंद हवी आणि पंखा चालू हवा, तसं नाही तर बोंब मारा. कोडने ‘नाही’ फक्त पंख्याला लावलं होतं. झडप बंद असून पंखा थांबला तरच भोंगा. झडप उघडी राहिली आणि वर पंखाही थांबला, म्हणजे सगळ्यात वाईट झालं, तर पहिलाच तुकडा खोटा. ‘आणि’मुळे मग सगळंच खोटं. आणि खोटं म्हणजे हिरवी खूण.

त्याने शीतगृहाची आत्ताची स्थिती उघडली.

झडप बंद: खोटं. पंखा चालू: खोटं. खाली हिरवी खूण, ताज्या पानासारखी.

ती झडप यंत्रातलं जुनं तेल काढायची. उघडी राहिली की तेलामागून अमोनियाचा विषारी वायू येतो, आणि तो बाहेर फेकायचं काम त्या पंख्याचं. यंत्रखोलीच्या भिंतीपलीकडे पॅकिंगचा हॉल. तिथे त्याची बहीण कामाला होती.

बहिणीचा फोन वाजून वाजून बंद झाला. मग त्याने मुकादमाला लावला आणि पॅकिंगची माणसं बाहेर काढायला सांगितलं.

“का बरं? फोन तर हिरवा आहे.”

“फोन चुकतोय.”

“तुमचेच साहेब सांगून गेले ना, नाकावर जाऊ नका, फोनवर जा.” मुकादम खोकला. “वास येत नाही असं नाही.”

दोन ‘नाहीं’चा हिशोब मामाच्या डोक्यात आपोआप झाला: वास येतोय. “किती येतोय?”

“बाया डोळे चोळतायत. मी म्हटलं, हिरवं आहे तोवर चालू द्या. काम थांबवलं तर वरच्यांना तोंड मला द्यावं लागतं.”

“मुकादम, तुमचं ‘नाही’ आम्ही चुकीच्या जागी लावलंय. झडप उघडी आहे. पंखा बंद आहे. माझी बहीण आत आहे.”

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. फोन तसाच चालू राहिला. पळणारे पाय, शिट्टी, लोखंडी दार, आणि खोकल्यावर खोकला. त्यातला ओळखीचा खोकला शोधत मामाने एका हाताने वाक्य नव्याने लिहिलं, ‘(झडप बंद आणि पंखा चालू) नाही’, आणि पाठवून दिलं. टेबलावरचा चाचणीचा फोन तत्क्षणी बोंबलायला लागला. खोलीतली सगळी माणसं वळून बघू लागली. मुकादमाची लाइन तेवढ्यात तुटली.

बऱ्याच वेळाने अनोळखी नंबर आला. आवाज बहिणीचा, पण पॉलिश पेपरने घासल्यासारखा.

“दादा, मी बाहेर आहे. सगळ्या आल्या नाहीत.”

“म्हणजे? कुणीच नाही, की काही आल्या?”

“असं काय विचारतोस? वजनकाट्यावरची मावशी तेवढी राहिली.”

मावशीला नंतर ओढून बाहेर आणलं. श्वास चालू होता, डोळे उघडत नव्हती. दवाखान्यातून एवढीच खबर आली.

मालकाने मामाला बाजूला घेऊन सांगितलं की आता गाजावाजा नको, हळूहळू सुधारू. मामाने मान डोलावली नाही. जागेवर येऊन त्याने बाकी गिऱ्हाइकांची वाक्यं काढली. बॉयलर. लिफ्ट. एका इस्पितळाची ऑक्सिजनची खोली. ओळीमागून ओळ, शेवटी ‘नाही’. सगळीकडे हिरवी खूण. त्याने बॉयलरवाल्याला फोन लावून विचारलं, तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं?

“लिहिलंय तसंच की,” बॉयलरवाला म्हणाला.

मामाने त्याला आधी बॉयलर विझवायला सांगितलं, आणि पुढचा नंबर लावला.

संध्याकाळी बहीण घरी आली ती डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली. भाचीने हळूच विचारलं, “मामा, आईला काही झालं नाही ना?” ‘हो’ म्हटलं तरी दोन अर्थ, ‘नाही’ म्हटलं तरी दोन. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, बहिणीची पट्टी बदलली, आणि तांदूळ धुवायला घेतले.