मुद्देमालातला कॅमेरा

त्या प्रकरणाची आठवण आजही निघते आणि दर वेळी माझी मान खाली जाते. कागदोपत्री तो उघडकीस आणलेला गुन्हा आहे.

गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयातून ऐन लग्नाच्या दिवशी नवरीचा राणीहार चोरीला गेला. पंचनामा चालू असताना नवरीच्या मामानं मला बाजूला घेतलं. गुलमंडीत कापडाचं दुकान असलेला, चारचौघांत वजन असलेला माणूस.

"साहेब, दागिने मांडलेल्या खोलीत सगळी घरचीच माणसं होती. बाहेरची एकच, ती शूटिंगवाली. कंपनीतली नोकरी सोडून धंद्यात पडलीय म्हणं. मी कुणावर आळ घेत नाय, पण बघा तुम्ही."

मी बघितलं. शूटिंगवाली तिशीच्या आतली, गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली. वाळूजच्या एका कारखान्यात सहा वर्षं राबून तिनं कॅमेरा घेतला होता, बजाजनगरात गाळा भाड्यानं घेतला होता. स्वतःच्या नावावर घेतलेलं तिचं हे लग्नाचं पहिलंच मोठं काम. तिची बॅग झडतीत तपासली; हार मिळाला नाही. तरीही कॅमेरा आणि मेमरी कार्डं मी मुद्देमाल म्हणून ठेवून घेतली. खरं कारण आज लिहितो. रोजीचं साधन हातातून गेलं की माणूस लवकर बोलतं, असा माझा अनुभव होता.

तीन दिवस तिला चौकशीला बोलावलं. सकाळी यायचं, संध्याकाळपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. येणारा-जाणारा तिला बघायचा. मामाही तपास कुठवर आला ते विचारायला रोज यायचा. त्याला माझ्या टेबलासमोरची खुर्ची आणि चहा.

महिला हवालदारासमोर मी तिला तेच तेच विचारत होतो. ती तेच तेच सांगत होती.

"म्या हात बी लावला नाय, साहेब. दागिन्यांचं शूटिंग करत व्हते, तेवढ्यात नवरदेव दारात आला म्हणून हाक आली. भाड्याचा दुसरा कॅमेरा घेऊन पळाले. पहिला स्टँडवर चालूच ऱ्हायला. बघा की त्यात एकदा."

"सात-आठ तासांचं लग्न बघत बसू का मी? हार कुठंय ते सांग."

ती उठून बाकावर जाऊन बसली. तिच्या उठून जाण्याचा अर्थही मी माझ्या सोयीनं लावला.

पुढं दोन आठवडे तपास जागच्या जागी राहिला. मग महिला हवालदार एका दुपारी माझ्याकडे आल्या. मुद्देमालाची यादी नीट करायची म्हणून त्यांनी कार्डं संगणकाला लावून पाहिली होती. मला त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, जरा येता का?"

पडद्यावर रिकामी खोली दिसत होती. लाल कापडावर मांडलेले दागिने, बाहेर बँडचा आवाज. दार उघडून मामा आत आला. त्यानं हार उचलला, खिशात घातला, बाकीचे दागिने सारखे केले आणि निघून गेला. तेवढं बघायला आम्हाला काही मिनिटं लागली.

मामाला बोलावून तेच दृश्य दाखवलं. तो खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. "बहिणीला सांगू नका, साहेब," एवढंच बोलला. हार त्याच्या दुकानातून, कापडाच्या ताग्यांमागून निघाला. त्या तपासासाठी मला प्रशंसापत्र मिळालं.

कोर्टाच्या आदेशानंतर ती कॅमेरा न्यायला आली. लेन्स उजेडात धरून तिनं पाहिली. दमट कपाटात राहून आत बुरशी धरली होती. तिनं लेन्सचं झाकण लावलं. रजिस्टरवर सही केली आणि म्हणाली, "हंगामातली सगळी लग्नं गेली, साहेब. लोक म्हणतेत, शूटिंग चांगलं करते, पण पोलिसात गेलेली हाय. मी चोरी केली नाय, एवढं तुमच्या सहीनं लिहून द्या. लोकायला दाखवता यील."

"असा कागद द्यायची पद्धत नाही आमच्यात," मी म्हणालो.

"आन् तीन दिवस बाकावर बसवायची हाय?"

माफीचा शब्द तोंडापर्यंत आला होता, पण टेबलाभोवती माझे कर्मचारी उभे होते. मी पुढची फाईल ओढली.

काही महिन्यांनी बजाजनगरातून जाताना मी तिचा गाळा शोधला. तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मालक म्हणाला, "त्या बाई परत कंपनीत लागल्या." कंपनी कोणती, हे मी विचारलं नाही.

चौकशीला बोलावणं आमच्यासाठी रोजचं काम असतं. नुकता धंदा मांडलेल्या माणसाचं नाव मात्र त्या बाकावरच जातं, आणि ते परत करायला आमच्याकडे रजिस्टर नसतं. हे मला त्या प्रकरणानं शिकवलं, पण शिकण्याची किंमत तिनं भरली. त्या दिवशी एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून खाली सही करायला मला कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती.