हातानं लिहिलेलं पान

ट्रंक आवरताना लेकीला माझं सामान्य ज्ञानाचं जुनं पुस्तक सापडलं. डांबरगोळ्यांचा उग्र वास आला आणि मी थेट वालूरच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन बसले.

मेंढरंवाल्यांची जना माझ्याच बाकावर बसायची. पुस्तक माझं, वडिलांनी परभणीहून आणलेलं. पण मी घोकून घोकून दमायचे आणि तिच्या एका वाचनात लक्षात राहायचं. तालुक्याच्या स्पर्धेआधी तिनं ते दोन दिवसांसाठी मागितलं. नाही म्हणवेना. मग मी ग्रहांचं पान हळूच फाडून घेतलं आणि पुस्तक दिलं.

सेलूला स्पर्धेत नेमकं विचारलं, सगळ्यात मोठा ग्रह कोणता? माझा हात वर जायच्या आत जना म्हणाली, "गुरू!" पहिला नंबर तिचा आला.

परतताना एसटीत तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्यातलं एक पान फाटलं होतं बघ. सरांच्या पुस्तकातून उतरून घेतलं अन् खळीनं चिटकवलं. तुझी लय अडचण झाली असंल."

अक्षरसुद्धा माझ्याहून सुबक होतं. मी इतकी जळले, की सेलूपासून वालूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. नंबर तर तिनं नेलाच, वर चांगुलपणातही मला मागं टाकलं.

"आई, हे पान हातानं का लिहिलंय?" लेकीनं विचारलं.

"फाटलं होतं."

"किती छान अक्षर आहे! तुझं?"

मी हो म्हणाले.